पिवळी गाय आणि केळीच्या साली

अन्याय झाला तो माझ्या मावशीच्या पांढऱ्या गाईवर, आणि तो होळीच्या आधीच्या शनिवारी, सकाळी न्याहारीच्या वेळी झाला. हे आधीच लिहून ठेवते, कारण नंतर गावात जो तो म्हणायला लागला की अन्याय-बिन्याय काही नाही, नुसता रंग लागला.

गाय रोजच्यासारखी ओढ्याच्या डोहात उतरली, पोटाइतक्या पाण्यात उभी राहिली, आणि वर आली तेव्हा पोटापर्यंत पिवळी होती. चारही पाय पिवळे, शेपटीचा गोंडा पिवळा. ओढ्याच्या वरच्या अंगाला गावातल्या शेठची हळदीला पॉलिश करायची शेड आहे. वाळलेली हळकुंडं लोखंडी ड्रममध्ये फिरवून त्यांची खरबरीत साल काढतात, आणि मग माल बाजारात उठून दिसावा म्हणून त्याच ड्रममध्ये त्याच्यावर रंगाचं पाणी मारतात. ड्रम धुतला की ते पाणी नालीतून सरळ ओढ्यात.

गावाला मात्र विषय मिळाला. हॉटेलात बसलेला एक जण तिथूनच ओरडला, "मावशे, गाईला हळद लागली म्हणायची! नवरदेव कोन्या गावचा?"

"तुझ्याच घरी देते," मावशी म्हणाली. "रोजचं पाणी तू भर."

कारण गोष्ट हसण्यावारी न्यायची नव्हती. गाय गाभण होती आणि त्या दिवसापासून डोहाच्या पाण्याला तोंड लावेना. मावशी चढावरच्या हातपंपावरून घागरी वाहायला लागली. एका गाभण गाईला किती पाणी लागतं हे ज्याने वाहिलंय त्याला विचारा. चार दिवसांत तिचा गुडघा सुजला. "पुढच्या बाजारात देऊन टाकते हिला," ती म्हणाली. कालवड होती तेव्हापासून तिने वाढवलेली ती गाय. हे वाक्य बोलताना ती माझ्याकडे बघत नव्हती, गाईकडेही नाही.

मी हिंगोलीत आमच्या पर्यावरण मंडळाची पत्रकं लिहिते. अन्याय दिसला की माझा हात आपोआप ठळक अक्षरांकडे जातो. एका शिबिरात मी पाहिलं होतं, काचेच्या भांड्यात निळं पाणी, त्यात केळीच्या वाळलेल्या सालीची भुकटी, आणि थोड्या वेळाने पाणी फिकं. भाज्या-फळांच्या साली पाण्यातला रंग, काही धातूसुद्धा, स्वतःला चिकटवून घेतात. झालं. मी पत्रक काढलं: "साल फेकू नका! तुमच्या घरचा कचरा, आपल्या ओढ्याचा तारणहार!" आणि गठ्ठा घेऊन मावशीच्या गल्लीत उभी राहिले.

मावशीच्या शेजारणीने पत्रक वाचलं. तिच्या दारात दोन शेळ्या बांधलेल्या असतात. "साल फेकू नका असं लिवलंय," ती म्हणाली. "पण फेकून कोन राहिलंय, बाई?"

खरंच कुणी फेकत नव्हतं. दोडक्याच्या शिरांची चटणी होते, दुधीच्या सालीची होते, वांग्याची साल तर कुणी काढतच नाही. बटाट्याची साल आणि मटाराची टरफलं शेळीला. शेळीने सोडलं ते उकिरड्यावर, आणि उकिरडा शेतात. मी टोपली घेऊन अख्खी गल्ली फिरले. टोपलीत पडली ती लसणाची फोलपटं, तीही वाऱ्याने नेली.

"अन् दिली समजा," शेजारीण सोडायला तयार नव्हती, "आमच्या शेळीच्या तोंडचं काढून शेठच्या रंगावर घालायचं व्हय? रंग त्याचा, साल आमची. काहून?"

पत्रकात याचं उत्तर छापलेलं नव्हतं. मी म्हणाले, "आधी प्रयोग तर करू." उत्तर नसलं की आम्ही मंडळातले लोक हेच म्हणतो.

सोमवारी औंढ्याला गेले. दर्शनाला आलेली माणसं केळी खातात आणि साल तिथंच टाकतात, म्हणजे केळीच्या गाड्यांमागे तरी खरा कचरा मिळणार. तिथेही दोन गाई आधीच उभ्या होत्या. त्यांच्याशी थोडी ढकलाढकली करून पोतं भरलं आणि एसटीत चढले.

"पोत्यात काय?" कंडक्टरने विचारलं.

"साली."

"कशाच्या?"

"केळीच्या."

"अन् केळी?"

"लोकांनी खाल्ली."

त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग पोत्याकडे. "मॅडम, तुमी पार मागं बसा. लोकायला तकलीफ नको." बस सेनगावपर्यंत हसत होती. प्रदूषणावर चार शब्द बोलायची संधी होती, पण पोत्यातून पाणी गळत होतं.

घाईत मी त्या ओल्याच साली चिरल्या आणि रंगीत पाण्याच्या घागरीत टाकून ठेवल्या. सकाळी पाणी पिवळ्याचं तपकिरी झालं होतं, वर फेस आला होता आणि वासाने मांजरही फिरकेना. मावशीने घागरीत वाकून पाहिलं. "चहा झाला गं, पोरी. दूध आणू?" त्यानंतर दोन दिवस मला गल्लीत चहावाली म्हणत होते.

आमच्या शिबिरातल्या एका ताईला फोन केला. ती चिडली. कच्च्या सालीचा स्वतःचाच रंग पाण्यात उतरतो म्हणाली, आधी उकळ, धू, मग वाळव. मग तसं केलं. साली उकळल्या, धुतलेलं पाणी नितळ निघेपर्यंत धुतल्या, पत्र्यावर कडकडीत वाळवल्या. शेजारणीच्या शेळ्या खाली उभ्या राहून वर बघत होत्या. कुटायला मावशी बसली. कुटताना मला, शेठला आणि केळीला एकाच दमात बोलत होती. भुकटी पाण्यात बराच वेळ ढवळली, जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळली, आणि पाणी लिंबाच्या सरबताइतकं फिकं झालं. पिवळेपणा गेला नव्हता, पण इतका उतरला होता की मी ग्लास उन्हात धरून अंगणात नाचायचीच बाकी होते.

"गाईला दाखवू?" मी म्हणाले.

"गाईला काहून? रंग का ती घालून राहिली? चल, शेठला दाखवू."

शेडवर शेठ हळदीच्या धुळीने डोक्यापासून पायापर्यंत पिवळा होता. गाईपेक्षा जास्त. "या मॅडम, या मावशी. गाय कशी हाय?"

"नवरदेव पाहून राहिलो," मावशी म्हणाली आणि ग्लास त्याच्या वजनकाट्यावर ठेवला. "घे, पी."

शेठ हसला. "मावशी, हे काय प्यायचं पाणी हाय?"

त्याचं बरोबर होतं. साल रंग धरते, सगळं विष धरत नाही. पण मावशीला ते ऐकायचं नव्हतं. "मंग माझ्या गाईनं काय प्यावं?"

शेठने ग्लास काट्यावरून बाजूला सरकवला. मी संधी साधून पत्रक म्हणायला लागले, की नालीच्या तोंडाशी खड्डा करा, त्यात धुतलेल्या सालींची पोती टाका, पाणी त्यातून जाऊ द्या. त्याने मला अडवलं. "खड्डा करतो. साली हिंगोलीच्या भाजीबाजारातून आणतो. पण त्या रंगल्या की टाकू कुठं? शेळीला घालू?" मग आत जाऊन त्याने दोन मुठी हळकुंडं आणली. एका मुठीतली मातकट, दुसरीतली झगझगीत पिवळी. "मावशी, खरं सांगा. बाजारात गेलात तर कोन्ती उचलताल?"

मावशीचा हात झगझगीत मुठीकडे गेला आणि अर्ध्यात थांबला.

"बगा," शेठ म्हणाला. "मला का रंगाची हौस हाय? गिऱ्हाईक उजळ मागतं. मातकट मालाला कुनी हात लावत न्हाई."

"माझा हात तुला बराबर दिसला," मावशी म्हणाली. "गाईचे पाय न्हाई दिसले."

मला राग आला होता आणि तो कुणावर काढावा हे पहिल्यांदाच कळत नव्हतं. शेठने मात्र कबूल केलेल्या दोन्ही गोष्टी केल्या. खड्डा केला, साली आणल्या. ओढा आता पूर्वीइतका पिवळा नाही, पण नितळही नाही. रंगलेल्या साली शेडमागे प्लास्टिकच्या पोत्यांत बांधून ठेवल्यात, त्यांचं काय करायचं ते आमच्या मंडळालाही अजून ठरवता आलेलं नाही. आणि यंदाचा काही माल त्याने रंग न मारता बाजूला ठेवला. "हा खपला तर पुढच्या हंगामात रंग बंद," तो म्हणाला. "न्हाई खपला तर मॅडम, साली वाहायला तुमीच या."

"मंग माझी गाय बी तवर ठेवते," मावशी म्हणाली. "तुझ्या हळदीच्या पोत्यायचं काय होतं ते पाहू. न्हाई खपली तर गाय बाजारात."

गाय नंतर व्याली. वासरू स्वच्छ पांढरं निघालं, त्याने गावाची निराशा झाली.

ती मातकट हळदीची पोती अजून शेडमध्ये पडून आहेत, आणि मावशी अजून पंपावरून घागरी आणते. साली मी वाहीन, एसटीत मागच्या सीटवरही बसेन. पण शेठच्या ड्रममध्ये रंग माझ्या सांगण्याने थांबणार नाही, तो तुमच्या हातामुळे पडतो. तेव्हा पुढच्या वेळी हळद घ्यायला गेलात की सगळ्यात झगझगीत ढिगाकडे निघालेला हात मागे घ्या. दुकानदाराला विचारा, रंग न मारलेली आहे का. नाही म्हणाला तर रिकाम्या पिशवीने परत या, आणि पुढच्या आठवड्यात जाऊन पुन्हा विचारा.