आईला शिकवलेले दोन शब्द

मुरुडच्या बंदरापासून काशीदच्या किनाऱ्यापर्यंत मला फसवू शकेल असा माणूस अजून जन्माला यायचा आहे! हे मी रोज सांगतो. लोक मान डोलावतात, कारण चहा मी पाजत असतो. कप रिकामा झाला की मात्र कुणीतरी हमखास विचारतं, "मग काय रे धर्मा, तू मोंबासाहून परत कसा आलास?"

झालं! आता सांगणं आलं. म्हणजे आपल्याच हातानं आपल्या थोबाडीत मारून घेणं आलं. पण ऐका, तुम्ही तरी कशाला मागे राहता?

ही गोष्ट देश स्वतंत्र होऊन पाच-सहा वर्षं झाली तेव्हाची. शाळेत म्हणाल तर मी चौथीत तीन वर्षं काढली. मास्तर बदलत गेले, मी जागा सोडली नाही. शेवटी शाळेनंच हात जोडले. मग होड्यांच्या सुतारकामात शिरलो आणि एका गलबतावर चढून थेट आफ्रिकेत, मोंबासाला उतरलो. तिथे हमीस मालकांचा गलबतं दुरुस्त करायचा कारखाना होता. चार वर्षांत मी तिथला 'धर्मा मिस्त्री' झालो. आणि मुरुडला मी कोण? पारू कोळणीचा धर्‍या! माणसानं परत यावं तरी कशाला, सांगा?

म्हणून आईच आली. मुरुडच्याच एका व्यापारी कुटुंबाच्या सोबतीनं, सुक्या बोंबलांचं गाठोडं काखेत मारून आगबोटीनं आली. त्या गाठोड्याच्या वासानं म्हणे डेकवरच्या लोकांनी तिला पाय पसरायला ऐसपैस जागा करून दिली होती.

आली ती मला न्यायला. "चल घरी. लगीन कर. आपल्या होड्या कुजतात नि तू परक्यांची गलबतं ठोकत बसतोस?"

तीन महिने तिचा हाच पाढा, आणि तीन महिने माझं एकच उत्तर, "पुढच्या साली, आये." कारण हमीस मालक मला मुकादम करणार होते. सगळ्या कारखान्याचा मुकादम! ते सोडून बोंबील वाळत घालायला यायला मी काय खुळा होतो?

बघता बघता शेवटचा आठवडा उरला. शुक्रवारी तिची बोट. निरोप द्यायला शेजारीपाजारी येऊ लागले. आई म्हणाली, "धर्‍या, आलेल्याला 'या, बसा' नि निघालेल्याला 'जपून जा' असं ह्यांच्या बोलीत काय म्हनतात रे? तोंड शिवून बसनं बरं दिसत न्हाय."

आता खरं म्हणजे तिकडे आलेल्याला 'करिबू' म्हणतात आणि निघालेल्याला 'क्वाहेरी'. लहान पोरालाही येतं. पण देवानं माझी जीभच उलटी बसवली आहे, त्याला मी काय करू?

"सोपं आहे, आये. कुणी आलं की म्हण क्वाहेरी. उठलं की म्हण करिबू."

आईनं शंका घेतली नाही. घेणार कशी? त्या मुलखात आईला 'मामा' म्हणतात! पहिल्याच दिवशी एका हमालानं तिला मामा म्हटलं तर केवढी भडकली होती. "मना मामा म्हनतो मेला! मिशी दिसली व्हय माझ्या तोंडावर?" जिथे आईचा मामा होतो तिथे काहीही होऊ शकतं, अशी तिची पक्की समजूत झाली होती.

पहिला बळी शेजारची आमिनाबाई. बिचारी केळ्यांचा घड घेऊन दारात आली. आईनं हात जोडले, तोंडभर हसली आणि म्हणाली, "क्वाहेरी! क्वाहेरी!"

म्हणजे, निघा आता!

आमिनाबाईचा चेहरा काय वर्णावा? घड खाली ठेवला आणि वळली. वळलेली दिसताच आई कळवळून, "करिबू! करिबू!" बाई परत फिरली. आई पुन्हा, "क्वाहेरी!" त्या उंबरठ्यावर आमिनाबाईच्या तीन फेऱ्या झाल्या. आणि मी? मी मागच्या खोलीत तोंडात पंचा कोंबून लोळत होतो.

दुसऱ्या दिवशी कारखान्याचे दोन सुतार आले. त्यांना ओढून मीच आत बसवलं. तासाभरानं उठले, तर आई म्हणाली, "करिबू!" म्हातारीचा मान राखायचा म्हणून बसले. आईनं चहा दिला. पुन्हा उठले, पुन्हा करिबू, पुन्हा चहा. पाचव्या कपाला त्यातला एक रडवेला होऊन मला म्हणाला, "मिस्त्री, तुझी आई आम्हाला सोडणार कधी?" मी म्हटलं, "तिची माया फार!"

सांगा, असं सुख मुरुडला मिळालं असतं?

पण बुधवारी दुपारी दारात खुद्द हमीस मालक उभे! पांढराशुभ्र पायघोळ झगा, डोक्यावर टोपी, हातात हलव्याचा डबा. मी ताडकन उठलो. कारण मालक आईच्या बाबतीत भलते हळवे. सकाळी आईच्या हाताला ओठ लावल्याशिवाय घराबाहेर पडायचे नाहीत. आईला उलट बोलला म्हणून एका चांगल्या सुताराला त्यांनी कामावरून काढलं होतं. आणि इथे मी तर आईचं माकड करून ठेवलेलं!

मी पुढे धावणार, तेवढ्यात आईनं माझा खांदा धरला. दुसरा हात समुद्राकडे केला. का केला, देव जाणे. डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "क्वाहेरी, मालक! क्वाहेरी!"

मालक थबकले. मला म्हणाले, "धर्मा, मामा तुम्हा दोघांच्या वतीनं निरोप घेतेय? तूसुद्धा चाललास?"

आता बोला! 'नाही मालक, तिला या म्हणायचं आहे' असं सांगावं, तर ते विचारणार, मग हे शिकवलं कुणी? म्हटलं, आत्ता वेळ मारून न्यावी. उद्या कारखान्यात सांगू की आईनं विचार बदलला. मान खाली घालून म्हणालो, "आईची इच्छा, मालक."

मालकांचे डोळे भरून आले. आत येऊन दोन घटका बसले, आईला नमस्कार केला आणि उठले.

"करिबू!" आई म्हणाली.

मालक बसले. बसल्या बसल्या विचार करून म्हणाले, "काळजी करू नकोस. मुकादम मी आपल्या सुतार सईदला करतो. तुझ्या मनावर ओझं नको." मी घाम पुसला. मालक उठले.

"करिबू!"

पुन्हा बसले. म्हणाले, "आणि तुझं बोटीचं तिकीट माझ्याकडून. आईसाठी सगळं सोडणारा असा मुलगा मी पाहिला नाही." मी मनात म्हटलं, मीही नाही! मालक पुन्हा उठले. मी आईला डोळ्यांनी खुणावतोय, मान हलवतोय, पायावर पाय देतोय. ती आपली गोड हसून, "करिबू, मालक, करिबू!"

तिसऱ्या करिबूला बसले तेव्हा म्हणाले, "शुक्रवारी मी स्वतः धक्क्यावर येतो. तुम्हाला बोटीत बसवूनच परत फिरेन."

लोक एकदा बुडतात. मालक जितक्या वेळा बसले, तितक्या वेळा मी बुडालो!

शुक्रवारी सगळा कारखाना धक्क्यावर. माझी हत्यारांची पेटी मालकांनी स्वतः उचलून आणली. आमिनाबाई रडत होती. पाच कपवाला सुतार तर जरा जास्तच आनंदानं हात हलवत होता. बोट सुटली तसे सगळे एका सुरात ओरडले, "क्वाहेरी! क्वाहेरी!" अगदी बरोबर शब्द, बरोबर वेळेला.

मोंबासा लहान लहान होत दिसेनासं झालं. आई डेकवर पाय पसरून बसली होती, गालात पान. मला राहवेना. म्हटलं, "आये, मी तुला ते दोन शब्द उलटे शिकवले होते. चेष्टा केली. पण तू त्या मालकापुढे ते बोललीस आणि माझं मुकादमपद गेलं! अगं, माणसं दारात आली की तोंड पाडतायत, उठायला गेली की पुन्हा बसतायत. तुला एकदासुद्धा संशय आला नाही?"

आईनं पानाची पिंक समुद्रात टाकली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "तीस वर्सं बाजारात टोपली घेऊन बसते मी, मेल्या. गिराईक येतंय का जातंय, हे मना तू शिकवनार व्हय?"