काळ्या गाडीचे शेठ

दिगंबरशेठांच्या खिशात एक पिवळं मऊ फडकं असे. कपाळावरचा घाम ते शर्टाच्या बाहीने पुसत. फडकं फक्त गाडीसाठी. मलकापूरला हमरस्त्यालगत त्यांचं बियाण्यांचं दुकान होतं आणि मी तिथे नऊ वर्षं काउंटर सांभाळलं. इतका कोता माणूस मी दुसरा पाहिला नाही. तरी त्यांची आठवण निघाली की तासभर बोलत बसतो, याचा मला स्वतःचाच राग येतो.

ज्या साली बीटी कपाशीत गुलाबी बोंडअळी घुसली, त्याच साली शेठनी ती गाडी घेतली. काळी कुळकुळीत. काळ्या रंगावर बारीकसा चराही दिसतो हे त्यांना कुणीतरी घरी आणल्यावर सांगितलं आणि माणसाची झोप उडाली. पूजेला शेठाणीकाकूंनी कुंकवाचं बोट बॉनेटकडे नेलं तसे ते ओरडले, "अवं, रंग खाते ते!" शेवटी बॉनेटवर प्लास्टिक अंथरून त्यावर स्वस्तिक काढलं. पूजा झाली, प्लास्टिक गुंडाळून कचऱ्यात गेलं. "देवाले समजते," शेठ म्हणाले.

मग दीड महिना एकच घोळ: फिल्म की सिरॅमिक? फिल्म म्हणजे पारदर्शक जाड कातडं, गाडीच्या रंगावर चिकटवायचं. खडा उडाला तर तो त्या कातड्याला लागतो, आणि नखाचा चरा उन्हात आपोआप बुजतो. सिरॅमिक हे नुसतं द्रावण. वाळलं की गाडी चकाकते, पाणी ठरत नाही, पण खड्यापुढे त्याचं काही चालत नाही. एवढी साधी गोष्ट. मी दोन वाक्यांत सांगितली होती. पण शेठना सल्ला नको होता, विषय हवा होता.

लोक किडकी बोंडं रुमालात बांधून आणत. फोडून दाखवत. आत सरकीपर्यंत खाल्लेलं, आणि मधे ती गुलाबी अळी. शेठ बोंडाकडे बघत नसत. "बियाणं चांगलंच हाय. तुमाले सांभाळता आलं नाही," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. पेरणीच्या वेळी हेच शेठ याच काउंटरवर हात आपटून म्हणत होते, "अळी शिवत नाही ह्याले! डोळे झाकून न्या." आणि आता बोंडं घेऊन आलेल्या माणसालाच गल्ल्यामागून विचारत, "बरं, तुमाले काय वाटते, फिल्म का सिरॅमिक?" एका म्हाताऱ्याने बिचाऱ्याने खरंच विचार करून सांगितलं, "ताडपत्री टाका, शेठ."

पिंपळगाव राजाच्या सुमनबाई मात्र बोंडं घेऊन आल्या नाहीत. चार एकर एकटीने कसणारी बाई, बोलायला फटकळ. त्यांना पक्कं बिल हवं होतं. बियाण्याची तक्रार कृषी कार्यालयात द्यायची, तर पिशवी आणि दुकानाचं पक्कं बिल दोन्ही लागे. नसलं तर अर्जच घेत नसत. दुसऱ्या दिवशी शेवटची तारीख होती. पिशवी त्यांनी जपून ठेवली होती. बिलाऐवजी त्यांच्याकडे मीच लिहिलेली कच्ची चिठ्ठी होती, कारण मागेल त्यालाच पक्कं बिल द्यायचं, असा शेठचा हुकूम.

मी बिल लिहिलं. शिक्का मारायला गेलो आणि आठवलं, शिक्का गाडीच्या खणात. नोकरांवर भरवसा नाही म्हणून शेठ तो तिथे कुलपात ठेवत. आणि गाडी अकोल्याला होती. शेठनी अखेर दोन्ही करायचं ठरवलं होतं: आधी फिल्म, तिच्यावर सिरॅमिक. मी फोन लावला.

"येड लागलं का तुले?" शेठ म्हणाले. "दाराच्या कडा आत्ताच चिकटवल्या. उद्या सांजेपर्यंत दार उघडाचं नाही म्हणते कारागीर. हवा शिरते त्यात."

"शेठ, बाईंची उद्या शेवटची तारीख आहे."

"मंग मी काय करू? आधी काऊन नाही आली?"

सुमनबाईंना सगळं ऐकू येत होतं. त्यांनी बिनशिक्क्याचं बिल घडी करून पिशवीत ठेवलं. मी अकोल्याची एसटी धरू शकलो असतो. स्वतः दार उघडून शिक्का आणू शकलो असतो. फार तर नोकरी गेली असती. पण मी काउंटरवरची धूळ पुसत बसलो. कार्यालयात त्यांचा अर्ज घेतला नाही.

आठवड्याने त्या पुन्हा आल्या. गाडी दुकानापुढे उन्हात उभी होती आणि शेठ फडकं फिरवत होते. राग बघण्याइतकं लक्ष त्यांचं कधी कुणाकडे नव्हतं. उलट ते खुशीत म्हणाले, "बाई, नख मारून पाहा. मारा, मारा!" सुमनबाईंनी बॉनेटवर अंगठ्याचं नख जोर लावून ओढलं. रेघ उमटली, आणि बघता बघता उन्हात नाहीशी झाली.

"पाह्यलं?" शेठ म्हणाले. "काहीच होत नाही ह्याले!"

"कपाशीचंही तुमी असंच सांगतलं होतं," सुमनबाई म्हणाल्या आणि पायरी न चढता निघून गेल्या.

"काय म्हणे ते?" शेठनी मला विचारलं. त्यांना खरोखर कळलं नव्हतं. महिनाअखेरीला मी नोकरी सोडली, तेव्हाही त्यांना कारण कळलं नाही.

तीन वर्षांनी शेठ गेले. काकूंसाठी भेटायला गेलो. गाडी पोर्चमध्ये उन्हात उभी होती, आसपास कुणी नव्हतं. मी बॉनेटवर अंगठ्याचं नख लावलं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत, असेल नसेल तेवढ्या ताकदीने ओढलं. थोडा वेळ थांबून पाहिलं. रेघ बुजली. मग चपला काढून आत गेलो.