बेवारस ओव्हन आणि तीन दिवसांचे पाहुणे

एकतीस वर्षं लोकांच्या घरातली बिघडलेली यंत्रं दुरुस्त केल्यावर पक्कडकाकांनी दुकान बंद केलं आणि त्याला निवृत्ती असं भारदस्त नाव दिलं. खरं पाहता ते निवृत्त झालेच नव्हते, गिऱ्हाईक निवृत्त झालं होतं. पूर्वी मिक्सर बंद पडला की लोक काकांकडे यायचे. आता बंद पडायच्या आधीच नवा आणायचे, म्हणजे बंद पडलेला बघण्याचं दुःख नको.

काकांचं खरं नाव गावात फारसं कुणाला माहीत नव्हतं. मागे सगळे पक्कड म्हणायचे आणि तोंडावर पक्कडकाका, कारण एकदा हातात घेतलेली वस्तू ते चालू केल्याशिवाय सोडत नसत. वादाचंही तसंच होतं, फक्त तो चालू असतानाही सोडत नसत.

दुकानाच्या दोन खोल्या घराला लागूनच होत्या, दार वेगळं. समोरचा रस्ता थेट तळ्यावर जायचा, आणि सुट्टी लागली की बाहेरगावची माणसं रुंद टोप्या घालून त्या रस्त्यानं पाणी बघायला जायची. काकूंनी टपाल कचेरीच्या खिडकीमागे नोकरी केली होती, त्यामुळे रांग दिसली की तिला काहीतरी विकता येईल हे त्यांना चटकन कळायचं. या दोन खोल्या सुट्टीला येणाऱ्यांना राहायला द्यायच्या, असं त्यांनी ठरवलं आणि मग काकांना कळवलं. त्या घरात निर्णय घ्यायची पद्धत पहिल्यापासून हीच होती.

खोल्यांना रंग लागला, पलंग आले, न्हाणीघरात दुरुस्त केलेला जुना गिझर बसला. प्रश्न उरला तो पाहुण्यांना कोणकोणती यंत्रं द्यायची याचा. लेक मोठ्या शहरात राहायची आणि वर्षातून एकदा अशा एखाद्या घरात चार दिवस काढून यायची, म्हणून या विषयातली ती घरातली तज्ज्ञ. तिने सोळा यंत्रांची यादी पाठवली. फ्रीज, ओव्हन, मिक्सर, टोस्टर इथपर्यंत काकांनी धीर धरला. पुढे कॉफीचं यंत्र आलं, अंडी उकडायचं आलं, हवा शुद्ध करायचं आलं, आणि सगळ्यात शेवटी दुधाला फेस आणायचं.

काकांनी तिला फोन केला. ही सोळा यंत्रं चालवायला शिकेपर्यंत पाहुण्यांच्याच तोंडाला फेस येईल, तो वापरावा, असं ते म्हणाले. शिवाय तळ्यासारखं तळं समोर ठेवून हवा शुद्ध करत घरात बसणाऱ्या माणसाला खोली द्यावी का, याचाच आधी विचार व्हायला हवा. लेक म्हणाली, लोक आधी यादी बघतात आणि मग तळं.

मग काकांनी स्वतःची यादी केली. तीत दोनच वस्तू होत्या, विजेची शेगडी आणि दिवा.

काकूंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून वाचले. "तिची यादी प्रदर्शनाची आहे आणि तुमची तुरुंगाची," त्या म्हणाल्या. "रविवारपर्यंत मधलं काहीतरी ठरवा."

आता एवढं सांगायला हवं की काकांनी जन्मात एकही नवं यंत्र विकत घेतलं नव्हतं. त्यांना त्याची गरजही वाटली नव्हती, कारण दुकानाच्या मागच्या भिंतीला एक फळी होती आणि त्या फळीवर गिऱ्हाइकांनी दुरुस्तीला टाकून कधीच न नेलेली नऊ यंत्रं होती. प्रत्येकाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली, तीवर मालक आणि तारीख. तीस दिवसांत वस्तू न नेल्यास दुकान जबाबदार नाही, अशी पाटी दारावर एकतीस वर्षं लटकत होती आणि काका एकतीस वर्षं जबाबदार राहिले होते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते नऊच्या नऊ यंत्रं एकदा चालवून बघायचे. मोटर पडून राहिली की धरते, फिरतच नाही, असं ते सांगायचे. त्यांच्या स्वतःच्या स्वयंपाकघरातला मिक्सर चार महिने बंद होता ते वेगळं. घरच्या माणसांना घाई नसते असं त्यांचं मत होतं, आणि त्या माणसांचं मत त्यांनी विचारलं नव्हतं.

रविवारी काकांनी फळी रिकामी केली आणि नऊही यंत्रं झाडूनपुसून खोल्यांमध्ये मांडली. औषधवाल्याचा ओव्हन, न्हाव्याचा टेबलफॅन, पोहायला शिकवणाऱ्या सरांचा टोस्टर, गाव सोडून गेलेल्या एका कुटुंबाचा छोटा फ्रीज आणि असंच बाकीचं. चिठ्ठ्या सोडून त्यांनी एका डब्यात जपून ठेवल्या. लेक सुट्टीला आली होती. तिने खोल्यांचे फोटो काढले, ओव्हनवर प्रकाश बरा पडतो म्हणून त्याचे तीन काढले आणि जाहिरात टाकून दिली.

जाहिरात बाहेरगावच्या लोकांसाठी होती. वाचली ती गावानं.

चौथ्या दिवशी औषधवाला आला. तो दुकान सोडून कधी हलत नसे. त्याच्या दारात चक्कर येऊन पडलेल्या माणसालाही तो गल्ल्यावरूनच सल्ला द्यायचा. आज मात्र तो थेट खोलीत शिरला, ओव्हनपुढे वाकला आणि काचेच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. तिथे गुलाबी सशाचं एक स्टिकर होतं, अर्धं खरवडलेलं.

"हे माझ्या मुलीनं लावलं होतं," तो म्हणाला. "हा आमचा ओव्हन आहे."

काकांनी मान डोलावली. अकरा वर्षांपूर्वीची चिठ्ठी होती, हवी तर दाखवतो, असं ते म्हणाले.

"अहो, मग कळवायचं तरी."

काकांनी कळवलं होतं. रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला ते दर महिन्याला त्याच्याच दुकानात जायचे आणि पहिली दोन वर्षं दर खेपेला कळवायचे. पुढे गोळ्या बदलल्या आणि विषयही बदलला. ससा चिकटवणाऱ्या मुलीला आता स्वतःची मुलगी होती. हे सगळं काकांच्या अगदी जिभेवर आलं होतं, पण त्यांनी ओव्हन गाडीत ठेवायला हात लावला.

मग एकाला बघून दुसरा निघाला. न्हावी आला, पंखा घेऊन गेला आणि जाताना एक पातं वाकलंय, नीट ठेवायला काय झालं होतं, असं विचारून गेला. सर टोस्टर घेऊन गेले. एक बाई आल्या, सगळ्या खोल्या फिरल्या आणि आपली इस्त्री यात नसल्याबद्दल रागावून परत गेल्या. ती त्यांनी काकांकडे कधी टाकलीच नव्हती. वर्षानुवर्षं निरोप धाडून जे जमलं नव्हतं ते एका फोटोनं झालं. आठ दिवसांत सहा यंत्रं आपापल्या घरी गेली. आभार कुणी मानले नाहीत. मानले असते तर उशीर आपला झाला हे कबूल करावं लागलं असतं.

मोठ्या बाई आल्या त्या सगळ्यांच्या नंतर. त्या गावातल्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, निवृत्त होऊनही वीस वर्षं झाली होती. काठी टेकत त्या आत आल्या, खुर्चीवर बसल्या आणि ओट्यावरच्या मिक्सरकडे नुसत्या बघत राहिल्या. जुना, पिवळा पडलेला मिक्सर होता. काकांनी आपणहून डब्यातली चिठ्ठी शोधली.

"चौदा वर्षं झाली, बाई," ते म्हणाले. ओशाळल्यासारखे म्हणाले, जणू चौदा वर्षं उशीर त्यांनीच केला होता.

"ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "ताईचा होता. तो तुझ्याकडे टाकला त्याच आठवड्यात ती गेली. आणि नेऊन काय करायचं होतं? घरात वाटण करणारी तीच. पुढे मी या बाजूनं चालणंच सोडलं. पलीकडच्या फुटपाथवरून जायची."

काकांना बाई पलीकडून जाताना कित्येकदा दिसल्या होत्या. दुरुस्तीला उशीर झाला म्हणून रागावल्या असतील, असं त्यांनी इतकी वर्षं धरून चाललं होतं.

"दर महिन्याला फिरवत होतो," ते म्हणाले. "मोटर धरू नये म्हणून."

"लाव बघू."

काकांनी बटण फिरवलं. रिकामं भांडं घरघरलं. सुरुवातीला थोडं अडखळायचं आणि मग सूर पकडायचं, ही त्याची खोड काकांना कधीच काढता आली नव्हती. बाईंनी डोळे मिटले, काठीवर दोन्ही हात ठेवले आणि बराच वेळ ऐकलं. मग पुरे, असं हातानंच सांगितलं.

संध्याकाळी काकांनी मिक्सर स्वतः त्यांच्या घरी पोचवला. तिथल्या स्वयंपाकघरातला विजेचा सॉकेट सैल होता, तोही घट्ट करून दिला आणि गरज नसताना आणखी दोन. घरी आल्यावर काकूंनी एवढा वेळ कुठे होतात असं विचारलं, तेव्हा वायरिंग जुनं आहे एवढंच म्हणाले.

पण आता खोल्यांत उरले होते एक फ्रीज आणि एक इस्त्री. फ्रीजचे मालक गावात नव्हते आणि इस्त्रीचे मालक जगात नव्हते. पहिले पाहुणे शुक्रवारी यायचे होते. शेगडी घरातून काढून दिली, आणि गुरुवारी काकूंनी काकांना यंत्रांच्या नव्या दुकानात ढकललं. टाय लावलेल्या विक्रेत्यानं त्यांना विजेची किटली दाखवली आणि पाणी कसं भरायचं ते समजावून सांगितलं. काकांनी ती उलटी केली, चारी बाजूंनी फिरवली, डोळ्याजवळ नेली.

"हिला उघडायचं कुठून?"

विक्रेत्यानं झाकण उघडून दाखवलं.

"झाकण नव्हे. स्क्रू कुठे आहेत? बिघडली तर आत जायचं कुठून?"

"आत कशाला जायचं, काका? वर्षभरात बिघडली तर आम्ही नवी देतो."

"आणि या किटलीचं काय करता?"

ते विक्रेत्याला शिकवताना सांगितलेलं नव्हतं. त्यानं काकांना रंग कोणता हवा ते विचारलं.

शुक्रवारी नवरा, बायको आणि बायकोची आई असे तिघे आले. बायकोनं फोन काढून फोटोशी खोली ताडून पाहिली. ओव्हन कुठे, मिक्सर कुठे, टोस्टर कुठे, असं तिने एकेक विचारलं आणि काकांनी खरं ते सांगितलं, की ज्याचं त्यानं नेलं. तिसऱ्या दिवशी नवऱ्यानं किटलीत दूध उकळलं. खाली जळून काळा थर बसला, वास सुटला आणि किटली थंड पडली. काका धावत गेले. दोन तास ते तिच्याशी झगडले. शेवटी सुरीच्या टोकानं बूड उचकटायला गेले तेव्हा प्लास्टिक तडकलं आणि त्या पाठोपाठ आतलंही काहीतरी. एकतीस वर्षांत त्यांच्या टेबलावर मेलेलं हे पहिलं यंत्र, आणि ते दुधानं मेलं की सुरीनं, हे कळायचीही सोय नव्हती.

पाहुण्यांनी घरी जाऊन पाचांपैकी तीन तारे दिले. फ्रीज गार आहे, तळं जवळ आहे, असं लिहिलं आणि पुढे लिहिलं, "फोटोतली बहुतेक यंत्रं मालकांनी नेली होती. मालक नक्की किती आहेत हे शेवटपर्यंत समजलं नाही."

लेकीनं फोनवर डोक्याला हात लावला. काकूंनी मात्र नोकरीत शिकलेलं काम केलं. ज्या वस्तूची लोक खिडकीशी येऊन चौकशी करतील तीच मागवायची. त्या हंगामात जे जे पाहुणे आले त्यांनी दार वाजवून काय मागितलं, ते त्या लिहीत गेल्या. अंडी उकडायचं यंत्र एकानंही मागितलं नाही. मिक्सर एकीनं मागितला, पण तो आणून देईपर्यंत ती बाहेर जेवायला गेली. किटली सगळ्यांनी मागितली. केस वाळवायचं यंत्र सात जणांनी, त्यातले पाच पुरुष. पंखा तर सगळ्यांना हवा होता, तेही खिडक्या उघडल्या की तळ्यावरचा वारा थेट आत येत असताना. लेकीनं हट्टानं पाठवलेलं दुधाला फेस आणायचं यंत्र खोक्यातून बाहेर आलं नाही. त्यावरची धूळ काकू मुद्दाम पुसत नसत, पुरावा म्हणून.

हंगाम संपला तेव्हा यादी कुणाशी न भांडता आपोआप तयार झाली होती. फ्रीज, शेगडी, किटली, पंखा, इस्त्री आणि केस वाळवायचं. लेकीला ती फार छोटी वाटली, काकांना फार मोठी. काकूंनी ती टाइप करून दाराच्या आतल्या बाजूला लावली आणि खाली काकांच्या आग्रहाखातर एक ओळ घातली. काही बिघडल्यास कृपया शेजारी हाक मारावी, स्वतः काही करू नये.

लोक हाक मारू लागले. केस वाळवायच्या यंत्राचा प्लग सैल झाला म्हणून मारू लागले आणि पुढे आपल्या बॅगेतला बंद पडलेला रेझर घेऊनही. एका जोडप्यानं चार तारे दिले आणि लिहिलं, काका फार सज्जन आहेत, फ्रीज का गुरगुरतो ते बघायला आले आणि दोन तास थांबले, तळ्यावरची आमची नाव चुकली. काकूंनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. काकांना त्यातलं फक्त 'सज्जन' ऐकू आलं. पुढचे पाहुणे चारला यायचे होते. काका व्हिनेगरची बाटली घेऊन उठले आणि नव्या किटलीच्या बुडाला बसलेला पांढरा क्षार काढायला निघाले. बाहेरून करता येण्यासारखी तेवढी एकच दुरुस्ती तिच्यात होती.