फुलावर गेलेली कोथिंबीर

२०२२ साली मी सत्त्याहत्तर वर्षांचा होतो. शाळा चौथीतच सुटली, पण वांगी कशी लावायची हे दुसऱ्यानं सांगितलेलं मला खपत नसे. सांगलीतल्या आमच्या शेजारी राहणाऱ्या रत्नाक्का मात्र सांगायच्याच. त्या वर्षी ऑपरेशनला मिरजेला गेल्या, त्या परतल्या नाहीत.

अक्का जैन. परसात वांग्याच्या दोन रोपांमध्ये कोथिंबीर टाकायच्या आणि चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य, म्हणून खुडायच्याच नाहीत. ती वाढून पांढऱ्या फुलांवर जायची. मला बघवत नसे.

“अक्का, उपटा की. फुलावर गेली म्हंजे वाया गेली.”

“आवं आबा, फुलाला ठिपक्यांचे लाल भुंगे येत्यात. वांग्यावरचा मावा, ती बारकी कीड, तेच खात्यात. औषध मारायला लागत न्हाई.”

“मग ती हिंसा न्हाई व्हय? मुंगी चुकवून चालणारी बाई तुमी!”

“त्यांचं पोट हाय, त्यांनी भरावं. माझा हात न्हाई त्यात,” म्हणत त्या रोपांना पाणी घालायच्या. तेसुद्धा गाळून.

श्रावणात त्यांच्या छातीत दुखू लागलं. मिरजेला निघताना रिक्षात बसता बसता म्हणाल्या, “आबा, बाग बघा. फवारा तेवढा मारू नका. शब्द द्या.” मी दिला. दिलेला शब्द मी मोडत नाही.

पण पाऊस उघडला आणि मावा असा चढला की पानं चिकट झाली, शेंडे आकसले. त्यात काळ्या अळ्या दिसल्या. कृष्णेतली मगर नखाएवढी करावी तशा, पाठीवर केशरी ठिपके. बाई बरी होऊन येणार आणि बघणार काय, काटक्या? फवारणीचा पंप भरून ठेवला आणि संध्याकाळी फोन लावला.

“अक्का, काळ्या अळ्या पडल्यात. मारू का?”

“न्हाई न्हाई! भुंग्याची पिल्लं हायत ती.” आवाज पार खोल गेला होता. “मावा खात्यात का ते बघा. सकाळी मला ऑपरेशनला आत नेणार, त्याच्या आधी सांगा.”

“आणि न्हाई खाल्ला तर?”

“तर मारा. तुमचा शब्द तुमाला परत.”

मला जेवण गेलं नाही. शब्द असा परत घ्यायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच चष्मा पुसून वांग्यापुढं उकिडवा बसलो. अळी पानावर गप्प. माझे पाय बधिर झाले तरी ती हलेना. मग तिनं डोकं पुढं काढलं, माव्यातला एक किडा धरला, चोखला, टरफल टाकलं आणि दुसऱ्याकडं वळली. मी धडपडत उठून फोन लावला. त्यांच्या सुनेनं उचलला.

“आबा, आत न्यायला लागलेत.”

“त्यांच्या कानाला लाव!” आणि गल्ली जागी होईल असा ओरडलो, “अक्का, खात्यात! तुमचं खरं हाय!”

असं मी जन्मात कुणाला म्हटलं नव्हतं. पलीकडं स्ट्रेचरच्या गाड्याची चाकं वाजत होती. मग अक्का बोलल्या.

“हळू बोला की आबा. दचकतील ती पिल्लं.”