बास्केटबॉलमधली पकड

भीती हा आमच्या घराण्याचा गुण नाही. तो मी एकट्याने स्वकष्टाने मिळवला आहे.

आम्ही बाळकुमचे आगरी. आजोबा कबड्डी खेळले, बाबा कबड्डी खेळले, पांडूकाका तर अजून खेळतो (पोट मध्ये येतं, पण पकडीला वजन लागतंच, असं त्याचं म्हणणं). घरातल्या पुरुषांची उंची साडेपाच फुटांच्या आत. आणि त्यांच्यात मी, सहा फूट चार इंच! कोणाची हळद असो नाहीतर पूजा असो, मांडवात काही उंचावर टांगायचं म्हटलं की बाबांचं एकच वाक्य : "शिडी कशाला? निल्याला बोलवा."

कबड्डीत मात्र माझा काडीचा उपयोग नव्हता. पाय इतके लांब की मी चढाईला निघालो की त्यातला एक कोणीतरी धरलेलाच असायचा. तरी काकाने हार मानली नाही. रोज संध्याकाळी गावदेवीच्या मैदानात तो माझ्याकडून एकच गोष्ट घोटून घ्यायचा. "समोरचा अंगावर आला का इचार नाय करायचा. पाय धरायचा!"

मग मी ठाण्याच्या कॉलेजात गेलो. पहिल्याच दिवशी मी वर्गाच्या दारातून वाकून आत शिरताना खेळाच्या सरांनी मला पाहिलं.

"बास्केटबॉल खेळतोस का रे?"

"नाही, सर."

"खेळशील!"

अशा रीतीने मी कॉलेजच्या संघाचा सेंटर झालो. सेंटर म्हणजे संघातला सगळ्यात उंच माणूस. त्याने रिंगखाली उभं राहायचं आणि येईल त्याला अडवायचं. मला चेंडूची भयंकर भीती वाटायची. तो अंगावर आला की तोंड वाचवायला माझे दोन्ही हात आपोआप वर जायचे, चेंडू त्यांवर आपटायचा आणि पोरं ओरडायची, "काय ब्लॉक केलाय, भाई!" मला तो खेळ मनापासून आवडायला लागला. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या उंचीसाठी टाळ्या पडत होत्या, आणि कोणी हातात पडद्याची दोरी देत नव्हतं.

अडचण एकच होती. बाबांना मी 'कॉलेजच्या कबड्डीच्या टीममध्ये आहे' असं सांगितलं होतं. माझा चुलतभाऊ क्रिकेट शिकायला गेला तेव्हा बाबा त्याच्याशी वर्षभर बोलले नव्हते, आणि क्रिकेट तर त्यांना टीव्हीवर चालायचं! बास्केटबॉल कळला तर माझं काय होईल? जर्सी मी मित्राकडे ठेवायचो, बूट पिशवीत लपवायचो. अशी दोन वर्षं निघाली.

तिसऱ्या वर्षी आम्ही अंतिम सामन्यात पोचलो. विद्यापीठाच्या संघाची निवड त्याच सामन्यातून होणार होती. आदल्या दिवशी जेवताना बाबा शांतपणे म्हणाले, "उद्या फायनल हाय ना तुजी? आमी येतो."

माझ्या हातातला घास ताटात पडला. "कशाला, बाबा? ऊन असतं."

"आमी काय लोनी हाव उन्हात इतलायला?"

रविवारी दुपारी सामना सुरू झाला. समोर डोंबिवलीचा संघ. त्यांचा सेंटर माझ्याहून दोन इंच उंच, दाढीवाला, आणि चेंडू घेऊन असा धावायचा की जमीन हादरायची. मी घाबरलो होतो, पण त्याला नाही. माझं अर्धं लक्ष फाटकाकडे होतं. मध्यंतर झालं. कोणी आलं नाही. शेवटचं एक मिनिट उरलं. तरी कोणी नाही. मी जरा श्वास सोडला.

आणि फाटकात टेम्पो थांबला!

त्यातून बाबा उतरले. मागून पांडूकाका, पांढरी पँट, गळ्यात चेन. त्याच्या मागून गावच्या कबड्डी संघाचे पाच गडी. मोजून सात माणसं! ती सगळी कडेच्या रेषेवर ओळीने उभी राहिली. बाबांनी एकदा रिंगकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं. मी चेंडू सोडून त्यांच्याकडेच बघत राहिलो.

"निलेश, लक्ष कुठे आहे तुझं?" सर ओरडले. "वीस सेकंद राहिलीत, आपण एक गुण पुढे आहोत. नुसते हात वर करून उभा राहा!"

मी हात वर केले. दाढीवाला चेंडू आपटत सुसाट माझ्या अंगावर आला. आणि त्याच क्षणी रेषेवरून काकाची आरोळी आली, "निल्या! पाय धर!"

माझ्या डोक्याला कळायच्या आत अंगाला कळलं. मी खाली झेपावलो आणि त्याचा घोटा दोन्ही हातांनी आवळला.

दाढीवाला आडवा झाला. तेवढ्यावर भागलं असतं. पण पकड एकट्याने टिकत नाही, ही काकाची शिकवण! तो धावत मैदानात आला आणि त्याने दाढीवाल्याच्या कमरेला मिठी मारली. रेषेवरचे पाच गडी मांड्यांवर थापा मारत नाचायला लागले. पंच जिवाच्या आकांताने शिट्टी वाजवत आले.

"शिट्टी उशिरा मारलीस!" काका त्यांच्यावरच डाफरला. "दम कवाच गेला त्याचा!"

मला मैदानाबाहेर काढलं. काकाला त्याच्याही बाहेर काढलं. डोंबिवलीने फाउलबद्दल मिळालेले दोन्ही फ्री थ्रो रिंगमध्ये टाकले आणि आम्ही एका गुणाने हरलो. सरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. निवड तर सोडाच.

मी मान खाली घालून टेम्पोपाशी गेलो. बाबा तिथे उभे होते. मार पडणार, या तयारीने मी डोळे मिटले.

"दोन वर्सं कबड्डी खेलतंस," ते म्हणाले, "आन् एकदाबी गुडघं फुटलं नाय तुजं. मना काय कलत नाय?"

"मग गावातली माणसं का आणलीत, बाबा?"

"मना वाटला, पोऱ्या भलत्याच नादाला लागला. तुना धरून न्यायला मानसं नको? एवरा लांब तू!" मग त्यांचा आवाज खाली गेला. "दोन वर्सं भ्यालतो मी. झोप नाय लागायची. फकस्त चेंडूच खेलत व्हतास, तर सांगायचा ना रं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्या घराण्यात घाबरणारे आम्ही दोघं होतो, आणि मला ते आज कळत होतं.

"खेल," बाबा म्हणाले. "पन पकड झकास केलीस."

दुसऱ्या दिवशी बाळकुमच्या नाक्यावर मोठा फ्लेक्स लागला. दाढीवाल्याच्या घोट्याला बिलगलेला मी, आणि वर ठळक अक्षरांत, 'बास्केटबॉलमध्ये पकड करणारा पहिला बाळकुमकर! हार्दिक अभिनंदन!' मी तोंडाला रुमाल बांधून कॉलेजला निघालो. (सहा फूट चार इंचाच्या माणसाने तोंड लपवून काय होणार? रिक्षावालेसुद्धा आपापले पाय आत घेत होते.)

संध्याकाळी वारा सुटला आणि फ्लेक्सची एक बाजू निसटून लोंबायला लागली. मी म्हटलं, चला, देव पावला. तेवढ्यात नाक्यावरून बाबांचा आवाज आला, "शिडी कशाला? निल्याला बोलवा!"

मीच गेलो आणि घट्ट गाठ मारून आलो.