शून्य केलेली धूळ

हिवाळ्याच्या सकाळी अनवाणी पायांनी गच्चीवर जावं, तर तळव्यांना आधी गारवा लागतो आणि मग ती बारीक, रवाळ कुरकुर. शहराजवळच्या सिलतऱ्याच्या कारखान्यांची धूळ! उडदाच्या डाळीच्या बिजौऱ्या, म्हणजे सांडग्यांसारखंच वाळवण, वाळत घालायच्या तर आमच्याकडे आधी गच्ची दोनदा पुसायची, मग धोतर अंथरायचं आणि वरून पुन्हा ओढणी पांघरायची. फडक्यावाचून आमचा दिवस उजाडत नाही म्हणा ना.

अशा या समुद्रापासून कोसो दूरच्या रायपुरात बसून मी समुद्र रचते, हे ऐकून तुम्हाला हसू येईल. पण खरंच, माझ्या संगणकात एक समुद्र आहे. त्यात प्रवाह वाहतात, खोलातून नायट्रेट वर येतं, डोळ्यांना न दिसणारं वनस्पतिप्लवक सूर्यप्रकाशावर वाढतं, कार्बन स्वतःत साठवतं आणि मेल्यावर तो घेऊन संथपणे तळाशी उतरतं. जन्ममरणाचा केवढा विराट व्यवहार, आणि सगळा समीकरणांत बांधलेला!

आई गेल्यावर बाबा एकटे पडले, म्हणून मी घरून काम करायची परवानगी मागून घेतली होती. किनाऱ्यावरच्या संस्थेतल्या माझ्या मार्गदर्शक बाईंनी ती दिली, पण महिनाअखेरपर्यंत मॉडेल धड चाललं नाही तर तिकडेच जाऊन बसायचं, या अटीवर. आणि माझा दक्षिणेकडचा समुद्र काही केल्या हिरवा होईना. नायट्रेट भरपूर, पण प्लवक वाढतच नव्हतं. ताटं वाढलेली आणि पंगत रिकामी! जावं लागेल असं बाबांना सांगितलं, तेव्हा माझी काळजी करू नको, एवढंच म्हणून ते कामाला लागले. माझा मात्र जीव तुटत होता.

चार दिवस उरले असताना ते नेहमीसारखे माझं टेबल पुसत होते. कारखान्यात उमर घालवलेला माणूस, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "कितीही पुसा, येतेच. वाऱ्यासंगं कुठवर जात असंन, कोण जाणे."

मी जागच्या जागी थबकले. वारा दूरच्या वाळवंटांतली धूळ समुद्रावर नेतो आणि तिच्यातल्या कणभर लोहावाचून प्लवक वाढत नाही, हे मी शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. पण मॉडेलमध्ये भरायची माहिती स्वच्छ करताना भर समुद्रात विखुरलेले ते धुळीचे चिमुकले आकडे मला कचरा वाटले आणि मी ते सरसकट शून्य करून टाकले होते. जन्मभर धूळ पुसणारीचाच हात तो! मला हसू आलं आणि लाजही वाटली. आमच्या धुळीचं कौतुक मी करणार नाही, बाबांचा खोकला तिचाच आहे. पण तिच्यावरचा राग मी भलतीकडे काढला होता.

आकडे पुन्हा जागेवर ठेवले. दुपारची जेवणं आटोपेस्तोवर पडद्यावर दक्षिणेला फिकट हिरवी झाक उमटली आणि हळूहळू गडद होत गेली. किती आनंद झाला म्हणून सांगू! बाबांना हाक मारली. आयुष्यात कधी समुद्र न पाहिलेले बाबा चष्मा सावरत कितीतरी वेळ पाहत राहिले. मी लोह, प्लवक, कार्बन असं सगळं भरभरून समजावत होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, माझ्या खुर्चीची पाठ धरली आणि विचारलं, "मंग आता तुले जा नाही लागत न?"

महिनाभरात त्यांनी हे एकदाही विचारलं नव्हतं.