तीर्थ प्यालेला लॅपटॉप

कुसाम्बा गावाच्या लोहारआळीत केतुतचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान बापाच्या भट्टीला अगदी लागून होतं, तरी म्हाताऱ्याने त्याचा उंबरठा कधी ओलांडला नव्हता. बाप पांडे ग्येजिर क्रिस, म्हणजे नागमोडी पात्याच्या कट्यारी, घडवणारा, नाकावर माशी बसू न देणारा. "नखाएवढे स्क्रू फिरवते," तो येईल त्याला सांगायचा. "आमच्या घराण्यात हाताला घट्टा नसलेली ही पहिलीच लोहारीण!" केतुत ऐकून घ्यायची, म्हणजे दातओठ खायची. शेवटी रक्त त्याचंच.

तुम्पेक लान्दपला, लोखंडाच्या पूजेला, सगळं गाव पांडेच्या देव्हाऱ्यापुढे लोटतं. कोयते येतात, मोटारसायकली येतात, हल्ली लॅपटॉपही. त्या वर्षी शाळेतल्या देसाकबाईंनी आपला आणला. गावातल्या म्हाताऱ्यांची पूजेची गाणी त्यांनी त्यात भरून ठेवली होती. गाणाऱ्या निम्म्याजणी आता हयात नव्हत्या आणि दुसरी प्रत कुठेच नव्हती. पांडेने उघड्या लॅपटॉपवर तांदूळ टाकले, फुलं वाहिली आणि तीर्थ शिंपडलं. बाईंचा मान म्हणून जरा सढळ हातानेच.

संध्याकाळी लॅपटॉप सुरूच होईना. सकाळी म्हातारा तो दोन्ही हातांत धरून केतुतच्या दाराशी उभा.

"बाई रडतायत, तुत. आळीत म्हणतात, पांडेच्या तीर्थाने यंत्र मेलं."

"आत या की, बापा. उंबरठा चावत नाही."

म्हातारा आत आला.

चार्जर लावला तर दिवाही लागेना. केतुतने खालचं झाकण काढलं, आधी बॅटरी सोडवली, मग कीबोर्ड उचलला. खाली ओल, आणि ओलीत फुगलेला तांदळाचा दाणा.

"बापा, पाणी तुमचंच."

म्हाताऱ्याने मान खाली घातली. "गाणी गेली?"

"गाणी वेगळ्या खोलीत आहेत. इथे नुसतं दार अडलंय."

तिने डाग स्पिरिटने पुसले आणि गरम हवेचा झोत धरला.

"आच कमी ठेव," म्हातारा न राहवून बोलला.

"माहितेय. मुलगी कुणाची आहे?"

म्हातारा गालातल्या गालात हसला. सगळं वाळल्यावर तिने बॅटरी जोडली, खणातला दुसरा कीबोर्ड लावला आणि बटण दाबलं. दिवा लागला. थोड्या वेळाने एका म्हातारीचा थरथरता आवाज दुकानभर पसरला. पांडे ग्येजिर तो ऐकत तसाच उभा राहिला, मग बाईंना बोलवायला धावला.

पुढच्या तुम्पेकला सगळे लॅपटॉप मिटून केळीच्या पानाखाली ठेवलेले होते, आणि तीर्थाचे थेंबही मोजकेच पडत होते. एरवी देव्हाऱ्यात फक्त पूर्वजांची हत्यारं बसायची. त्या सकाळी म्हातारा स्वतःहून केतुतच्या दुकानात शिरला, तिचा सगळ्यात बारीक स्क्रूड्रायव्हर उचलला आणि आपल्या बापाच्या घणाशेजारी नेऊन ठेवला.

"हे कुणाचं?" शेजाऱ्याने विचारलं.

"आमच्या घरच्या लोहारणीचं," पांडे सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, आणि पहिलं फूल त्यालाच वाहिलं.